विदर्भाच्या खेड्यांतून फुटबॉलपटू शोधायचे, घ्यायचे आणि घडवायचे कसे

नागपूर-कामठीच्या फुटबॉलला जुनी परंपरा आहे. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूर जिल्ह्याची लीग, विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी उभं केलेलं स्लम सॉकर, ही नावं खेळातल्या माणसांना सांगावी लागत नाहीत. पण शहराची हद्द ओलांडून देवरी, चिमूर, पांढरकवडा किंवा धारणीकडे निघालं की हे जाळं विरळ होत जातं. मुलं आहेत, पाय आहेत, दम आहे. बघणारा माणूस नाही. मग एखादा व्यावसायिक क्लब जिल्ह्याच्या स्टेडियमवर एक दिवसाची निवड चाचणी ठेवतो, शेकडो मुलं येतात, प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात आणि उंच, दांडगी मुलं निवडली जातात. रात्री दोनला उठून एसटीनं आलेला, उपाशीपोटी उतरलेला, आयुष्यात पहिल्यांदा स्टडचे बूट घातलेला मुलगा त्यात टिकणार कसा?

माझं मत स्पष्ट आहे. खेड्यातला मुलगा एका दिवसात कळत नाही. त्याला वर्षभर पाहावं, घरी राहू देऊनच शिकवावं आणि मग क्लबात न्यावं. क्लबांच्या युवा विभागांनी आणि त्यांच्यासोबत काम करू पाहणाऱ्या तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांनी हे काम कोणत्या क्रमानं करावं, ते पुढे मांडलं आहे.

आधी शेतीचं वेळापत्रक समजून घ्या

क्लबाचा हंगाम आणि गावाचा हंगाम वेगळा असतो. जूनमध्ये पेरणी असते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालते. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीमकडे सोयाबीनची सोंगणी साधारण सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते आणि ती आटोपते न आटोपते तोच कापूस वेचणीला येतो. या दिवसांत तेरा-चौदा वर्षांचं पोरगं घरच्यांना वावरात हवं असतं. अशा वेळी चाचणी ठेवली तर ज्यांच्या घरी मजूर लावायला पैसा आहे तेवढीच मुलं येतात. निवड तिथेच वाकडी होते, आणि क्लबाला ते कळतही नाही.

मार्च-एप्रिलमध्ये जंगलपट्ट्यात मोहफूल वेचणं असतं, त्यानंतर तेंदूपत्ता. पुढे मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत कुठलीही निवड चाचणी घेऊ नये.

मग बघायचं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या बघा. काळ्या मातीच्या मैदानावर त्या वेळी चेंडू चिखलात रुततो, त्यामुळे पायातलं कौशल्य कमी दिसतं. पण थकल्यावर कोण धावतो ते स्पष्ट दिसतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि बाहेर कामाला गेलेली माणसंही परततात. मेळघाटात होळी हा कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण, त्या दिवसांत घरं भरलेली असतात. आणि खरं बारकाईनं बघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. मैदान कोरडं, हवा थंड, धानाचे बांध मोकळे झालेले असतात आणि वार्षिक परीक्षा अजून लांब असते.

फुटबॉल नसलेल्या ठिकाणीही फुटबॉलपटू शोधा

आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय, विभागीय आणि राज्य स्पर्धा होतात. त्यांचा भर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल आणि मैदानी खेळांवर असतो. क्लबाचे लोक तिकडे फिरकत नाहीत. फिरकायला हवं. खो-खोतली मुलगी दोन पावलांत दिशा बदलते. हँडबॉलच्या गोलकीपरला हात कुठे न्यायचा हे आधीच कळतं. गोलकीपर आणि बचावपटू उशिरा सुरुवात करूनही तयार होऊ शकतात, हे लक्षात ठेवून या स्पर्धांना माणूस पाठवा. कुशल मिडफिल्डर मात्र चौदाव्या वर्षी शून्यातून बनवणं अवघड आहे. तो लहानपणापासून चेंडूशी खेळलेला असावा लागतो. घुग्घुस, बल्लारपूर, वणी, उमरेड या कोळसापट्ट्यातल्या गावांकडे त्यासाठी लक्ष ठेवा.

प्रत्येक तालुक्यात एक विश्वासाचा माणूस हवा. तो बहुतेक वेळा शाळेचा क्रीडाशिक्षक असतो. त्याला मानधन द्या, प्रवासखर्च द्या आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ई सर्टिफिकेट किंवा डी लायसन्स या प्रशिक्षकांच्या कोर्सला क्लबाच्या खर्चानं पाठवा. निवडलेल्या मुलामागे इतके पैसे, असा हिशेब त्याच्याशी कधीच करू नका. तसं केलं की तो मुलांकडे माल म्हणून बघू लागेल आणि वयाचे खोटे दाखलेही येऊ लागतील.

चाचणी एका दिवसाची नको

किमान तीन भेटी ठेवा, प्रत्येकीत काही आठवड्यांचं अंतर. जागा तालुक्याचीच, म्हणजे मुलगा सकाळी घरून जेवून येईल आणि संध्याकाळी परत जाईल. मुलींना बोलावताना हे आणखी महत्त्वाचं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो, पण तो घर ते शाळा एवढाच. म्हणून चाचणी शक्यतो शाळा असलेल्या गावी, शाळेच्या वेळेला लागून घ्या आणि शेवटची गाडी सुटायच्या आत संपवा.

मुरमाच्या मैदानावर स्टडचे बूट उपयोगाचे नाहीत, उलट घोटा मुरगळतो. अनवाणी खेळणाऱ्या मुलाला नवे बूट घालून उतरवलं तर त्याचा पहिला स्पर्शच बिघडतो. सपाट तळाचे साधे कॅनव्हास बूट वेगवेगळ्या मापांत सोबत ठेवा आणि ज्याला नको असतील त्याला सवयीनं खेळू द्या. बारा वर्षांपर्यंत ४ नंबरचा चेंडू आणि तेराव्यापासून ५ नंबरचा.

अकरा-अकराचा सामना सुरुवातीला खेळवूच नका. बावीस मुलांत एका मुलाच्या पायाला चेंडू फारच कमी वेळा लागतो. चार-चार किंवा पाच-पाच जणांचे छोटे सामने ठेवा, आठ-दहा मिनिटांनी संघ बदला. छातीवर फक्त नंबर. नाव, गाव, कोणाच्या ओळखीनं आला, हे नोंदणाऱ्याला कळू देऊ नका.

बघायचं काय? चेंडू पायाशी येण्याआधी मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहतो का, हे सगळ्यात आधी. ही सवय फार थोड्यांत असते आणि धावण्याच्या चाचणीत ती कधीच दिसत नाही. मग पहिला स्पर्श चेंडूला पुढच्या कामाच्या दिशेनं नेतो का. चेंडू हरवल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत तो काय करतो. कमकुवत पाय वापरायचं धाडस करतो का. दहा मीटरचा वेग जरूर मोजा, पण नोंदवहीत त्याला शेवटची जागा द्या.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक क्लबाला आग्रहानं सांगतो. पहिल्या भेटीत सगळ्यांना एक नवीन गोष्ट शिकवा, उदाहरणार्थ पाठीवर प्रतिस्पर्धी असताना अर्धं वळून चेंडू घेणं. दुसऱ्या भेटीत काहीही न सांगता बघा, कोणामध्ये ते टिकलं आहे. ज्यानं ते घरी जाऊन भिंतीवर चेंडू मारत घोटवलं, त्याच्यात शिकण्याची भूक आहे. खेड्यातल्या मुलाला आजवर प्रशिक्षक मिळालेला नसतो. त्यामुळे आज त्याला किती येतं यापेक्षा तो किती लवकर शिकतो याला जास्त गुण द्या.

वय आणि वाढ: इथेच सगळ्यात जास्त मुलं हातची जातात

वयोगटाची सीमारेषा १ जानेवारीला असते. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा खेळतात. त्यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो आणि तेराव्या वर्षी हा फरक शरीरावर उघड दिसतो. जगभर युवा संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते, ती यामुळेच. आपल्या निवडयादीसमोर जन्ममहिना लिहा. यादीत ऑक्टोबर ते डिसेंबरचं कोणीच नसेल तर तुम्ही कौशल्याऐवजी शरीर निवडलं आहे.

मुलांमध्ये उंची झपाट्यानं वाढण्याचा टप्पा साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींत बाराव्याच्या आसपास. काहींना तो दोन वर्षं आधी, काहींना दोन वर्षं नंतर. खाण्याची आबाळ असेल तर तो आणखी लांबतो. म्हणून दर तीन महिन्यांनी भिंतीला टेकवून उंची, बसून उंची आणि वजन घ्या. आई-वडिलांची उंचीही मोजा. मुलासाठी दोघांची बेरीज अधिक १३ सेंटिमीटर, भागिले दोन. मुलीसाठी १३ वजा. वडील १६४ आणि आई १५१ असतील तर मुलाचा अंदाज १६४ निघतो, आणि यात दोन्ही बाजूंना आठेक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. आई-वडिलांचंच लहानपण अर्धपोटी गेलं असेल तर हा आकडा खऱ्या उंचीपेक्षा कमी येतो, हेही ध्यानात असू द्या.

उंची झरझर वाढत असताना मुलगा अचानक बेढब धावतो, पास चुकतात. अनेक क्लब नेमके त्याच वेळी त्याला काढून टाकतात. काढू नका, सहा-आठ महिने थांबा. याच काळात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखणं सुरू होतं. गावात त्याला 'चमक' म्हणून सोडून देतात आणि पोरगं लंगडत खेळत राहतं. उड्या आणि वेगानं धावणं कमी करा, चेंडूचं काम चालू ठेवा, दुखणं थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

वयाच्या कागदांबाबत कडक राहा, पण मुलाला गुन्हेगार समजू नका. जन्म दाखल्यावर जन्मतारखेसोबत नोंदणीची तारीखही असते, ती बघा. जन्मानंतर लगेच झालेली नोंद भरवशाची. आठ-दहा वर्षांनी झालेली असेल तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी आणि अंगणवाडीच्या नोंदीशी ताडून पाहा. अनेकदा पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिलेली असते. १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी फिफा २००९ पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय वापरते. खोटं वय पुढे कुठे तरी उघड होतंच, आणि तेव्हा नुकसान मुलाचं होतं. हे पालकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

सिकलसेलची तपासणी वगळू नका

विदर्भात काम करणाऱ्या क्लबानं हा भाग नीट वाचावा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, अमरावतीच्या अनेक समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासणीही सोपी झाली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या चाचणीत मूल वाहक (म्हणजे स्वतः आजारी नाही, पण आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो) आहे की रुग्ण, हे निश्चित होतं.

वाहक मूल फुटबॉल खेळू शकतं. त्याला संघातून काढणं अन्यायाचं आहे. मात्र उन्हात, पाणी कमी पिऊन, सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जीव तोडून पळवलं तर त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते, क्वचित जिवावरही बेततं. म्हणून त्याचा सराव हळूहळू वाढवायचा, मध्ये थांबून पाणी द्यायचं, आणि 'पाय भरून आले' असं तो म्हणाला की त्या क्षणी थांबवायचं. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणं कोणाच्याच बाबतीत नको, इथे तर अजिबात नको. रुग्ण असलेल्या मुलाचा निर्णय डॉक्टरच घेतील.

अहवाल फक्त पालक, डॉक्टर आणि मुख्य प्रशिक्षक यांच्याकडे राहिला पाहिजे. गावात या आजाराचा संबंध लग्नाशी जोडला जातो. मुलीचा अहवाल ड्रेसिंग रूममध्ये फुटला तर तिचं आयुष्य अवघड होतं.

सोबत हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की 'दम नाही' म्हणून नाकारलेल्या मुलीला खरं तर लोहाच्या गोळ्यांची गरज असते. तीन महिने उपचार करून तिला पुन्हा मैदानावर बोलवा.

घरी जा, बसा, ऐका

तिसऱ्या भेटीनंतर ज्या मुलात रस असेल त्याच्या घरी जा. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर निवडपत्र पाठवू नका. घरातले दोन-तीन प्रश्न ठरलेले असतात: "शाळेचं काय होईन?", "पायाले लागलं तं दवाखाना कोण करन?" आणि "नाई जमलं तं परत कोण आणून सोडन?" या तिन्हींची उत्तरं क्लबाकडे लेखी तयार हवीत. आईला समोर बसवून बोला. वडील हो म्हणतात आणि आई गप्प असते, तेव्हा होकार अर्धाच असतो.

मोठी स्वप्नं विकू नका. बहुतेक मुलं व्यावसायिक खेळाडू होत नाहीत, हे तोंडावर सांगा. आशा दाखवायचीच असेल तर खरी उदाहरणं आहेत: कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली अस्तम ओराँव २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते कोणत्या स्तरावरच्या कामगिरीला मिळतं, हेही नेमकं सांगा.

कुटुंबाकडून एक रुपयाही घेऊ नका. 'विदेशी क्लबची ट्रायल' म्हणून पैसे उकळणारे तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. पालकांना सांगून ठेवा: पैसे मागितले की ते पत्र क्लबाच्या अधिकृत कार्यालयात फोन करून पडताळायचं.

चौदापर्यंत तालुक्यातच शिकवा

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात नेण्याची घाई मला पटत नाही. तालुक्याला एक केंद्र करा: आठवड्यात तीन सराव आणि एक सामना. आठवड्यातले खेळाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तासांहून कमी, आणि यात शाळेची कबड्डीही धरायची. उन्हाळ्यातली सुट्टी ही खरी विश्रांती समजा. जूनमध्ये परतल्यावर पहिले दहा-बारा दिवस शरीराला उष्ण, दमट हवेची सवय होऊ द्या. सराव सकाळी साडेपाच ते सात.

दर सरावाआधी फिफाचा ११+ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप करा. त्याला फारसं साहित्य लागत नाही आणि नियमित केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात. बाकी वेळ चेंडूसोबत जावा. चौदापर्यंत कोणालाही एका जागेला बांधू नका.

सरावानंतर पोटात काही गेलंच पाहिजे. महागडी पावडर नको. उकडलेली दोन अंडी म्हणजे साधारण बारा ग्रॅम प्रथिनं. अंडी चालत नसतील तर फुटाणे, शेंगदाणे-गूळ, उसळ. हा खर्च बुटांच्या आधी मंजूर करून घ्या.

कागद पक्के करा

बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत स्थानिक क्लबाच्या नावानं नोंद करा. खेळाडू पुढे परदेशी क्लबाकडे विकला गेला तर फिफाच्या नियमानुसार हस्तांतर रकमेच्या पाच टक्के रक्कम त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते: १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामासाठी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ साठी ०.५ टक्के. एक कोटीच्या व्यवहारात, ज्या गावच्या क्लबानं मुलाला १२ ते १५ असे चार हंगाम सांभाळलं त्याला एक लाख मिळतात. नोंद नसेल तर काहीच नाही. देशातल्या देशात मोठ्या क्लबाला मुलगा देताना मोबदल्याचं कलम करारात वेगळं लिहून घ्या.

अल्पवयीन खेळाडूचा व्यावसायिक करार फिफाच्या नियमांनी तीन वर्षांहून मोठा असू शकत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला, काही अपवाद सोडले तर, परदेशी क्लबात नेता येत नाही. करारावर पालकांची सही हवीच. कराराची मराठी प्रत आठ दिवस घरी ठेवू द्या. मुख्याध्यापकांना, वकिलाला दाखवू द्या. जागच्या जागी सही मागणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवू नये.

वसतिगृहात नेल्यावर

माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणारं मूल शहरात आलं की पहिले काही महिने गप्प होतं. शक्यतो एका भागातली दोन मुलं एकत्र न्या. रोज घरी फोन. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला सुट्टी द्या. त्या दिवशी घरी नसलेलं पोरगं आतून तुटतं. दहावीच्या वर्षी शाळा बदलू नका.

सुरक्षिततेचे नियम भिंतीवर लावा: कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलींसाठी महिला अधीक्षक, प्रौढानं एकट्या मुलाला खोलीत न बोलावणं, खासगी चॅट बंद. लैंगिक छळाची माहिती मिळाली तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; क्लबाच्या आत मिटवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्डलाइन नंबर प्रत्येक खोलीत हवा.

सोडताना

मुलाला पुढे ठेवायचं नसेल तर तो निर्णय किमान तीन महिने आधी सांगा आणि शाळेचं वर्ष संपल्यावरच मुलाला पाठवा. प्रशिक्षकानं स्वतः घरी नेऊन सोडावं आणि कारण पालकांसमोर सांगावं. सोबत एक फाइल द्या: जन्म दाखला आणि शाळेचे मूळ कागद, उंची-वजनाच्या सगळ्या नोंदी, वैद्यकीय अहवाल, खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि नोंदणी मोकळी केल्याचं ना हरकत पत्र. स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं क्लबाच्या कपाटात राहिली तर पोलीस भरतीच्या वेळी त्या मुलाचं खेळाडू कोट्यातलं हक्काचं स्थान जातं. ज्याला खेळात राहायचं आहे त्याला डी लायसन्स किंवा पंच परीक्षेची फी क्लबानं भरावी आणि त्याच्याच तालुक्याच्या केंद्रात सहायक म्हणून घ्यावं. रस्त्यात किती पाणी आहे आणि कोणाच्या घरी सोंगणी चालू आहे, हे त्याला विचारावं लागत नाही. सहा महिन्यांनी एकदा फोन करा आणि तो शाळेत जातो आहे का, ते विचारा.